वॉरंटी संपल्यावर दोन महिन्यांत फ्रिज बंद पडला, तर हातात काय उरते?

प्रश्न थोडक्यात असा: 28,500 रुपयांचा डबल डोअर इन्व्हर्टर फ्रिज घेतला. संपूर्ण वॉरंटी 1 वर्षाची, कंप्रेसरवर 10 वर्षांची. चौदाव्या महिन्यात थंड होणे थांबले. सर्व्हिस सेंटरचा माणूस पाहून गेला आणि म्हणाला, "गॅस संपलाय. वॉरंटी नाही. कॉइल आणि गॅस मिळून 7,800 होतील." दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला. अशा वेळी काही करता येते का?

येते. पण सगळ्यात आधी एक काम: बिघाडाचे कारण लेखी हातात येईपर्यंत दुरुस्तीला हो म्हणू नका आणि गल्लीतल्या मेकॅनिकला फ्रिज उघडू देऊ नका. अशा तक्रारी बुडतात त्या कायदा अपुरा पडतो म्हणून नव्हे, तर फ्रिज नेमका कशाने बंद पडला हे कुठेच लिहिलेले नसते म्हणून. एकदा जुना भाग भंगारात गेला आणि नवा बसला, की दोष मुळातला होता हे सिद्ध करायला काही उरत नाही. बाहेरच्या माणसाने नळी कापली असेल तर कंपनीला "अनधिकृत छेडछाड" हा तयार बचाव मिळतो.

"गॅस संपलाय" या वाक्याकडे नीट पाहा. फ्रिजचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कंप्रेसर, कंडेन्सर, फिल्टर ड्रायर (ओलावा शोषणारा भाग), कॅपिलरी (अतिशय बारीक नळी) आणि कूलिंग कॉइल अशा बंद नळ्यांत तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो. आजच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आर 600 ए हा गॅस असतो आणि तो किती भरला आहे हे लेबलवर ग्रॅममध्ये छापलेले असते. साधारण 40 ते 70 ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांच्या वजनाइतका. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, दुसरा अर्थच नाही. त्यामुळे जॉब शीटवर, म्हणजे टेक्निशियन भेटीनंतर देतो त्या कागदावर, नुसते "गॅस चार्जिंग" लिहून देत असतील तर थांबवा आणि "गळती कोठे आहे" ते लिहायला सांगा. सगळा निकाल या एका ओळीवर फिरू शकतो.

कारण गळतीची जागा दोष कोणाचा ते सांगते. तांब्याच्या किंवा लोखंडी नळीच्या जोडावर, म्हणजे ब्रेझिंगवर गळती असेल तर तो कारखान्यातला दोष. वापरणाऱ्याचा हात तिथे पोहोचतच नाही. दाराच्या चौकटीभोवती फोममध्ये पुरलेली नळी गंजून फुटली असेल तरी तेच. टेक्निशियन याला "बॉडी कॉइल लीक" म्हणतात आणि बऱ्याचदा ती नळी तोडून बाजूला ठेवतात, मागे बाहेरून कंडेन्सर जोडतात. मुंबई, कोकण, गोवा इथे "खारी हवा" हे उत्तर हमखास मिळते. फोममध्ये बंद असलेल्या नळीपर्यंत ती हवा कशी पोहोचली हे मात्र लेखी विचारा. याउलट फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडताना कॉइलला भोक पडले असेल, तर चूक वापरणाऱ्याची. भोकाचा फोटो पाहून ते कळते. ही गोष्ट लपवून तक्रार करू नका; पहिल्याच तपासणीत ती बाहेर येते आणि मग बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही विश्वास राहत नाही.

वादाची दुसरी जागा कंप्रेसरची. "10 वर्षांची वॉरंटी" हे शब्द दारावर मोठ्या स्टिकरवर असतात, कार्डावर मात्र बारीक अक्षरांत लिहिलेले असते की फक्त कंप्रेसर मोफत. गॅस, ड्रायर, मजुरी, वाहतूक आणि भेटीचे शुल्क ग्राहकाचे. त्यामुळे कंप्रेसर गेला तरी बिल येतेच, आणि पीसीबी (कंप्रेसर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला म्हटले तर सगळेच बिल ग्राहकाचे. म्हणून "पीसीबी गेलाय" हे ऐकून सोडून देऊ नका, मीटरवरचे आकडे लिहून घ्या. इन्व्हर्टर कंप्रेसरच्या तीन पिनांमध्ये कोणत्याही दोघांतला रोध जवळपास सारखा यायला हवा आणि कोणतीही पिन कंप्रेसरच्या पत्र्याशी जोडलेली दिसता कामा नये. तसे असेल तर मोटरची वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांची गुंडाळी, शाबूत आहे आणि संशय बोर्डावर जातो. आकडे असमान असतील तर दोष कंप्रेसरचा. जुन्या, साध्या कंप्रेसरमध्ये गणित वेगळे आहे: तिथे पिनांना कॉमन, स्टार्ट आणि रन म्हणतात, आणि कॉमन-स्टार्ट व कॉमन-रन या दोन आकड्यांची बेरीज स्टार्ट-रन इतकी येते. हे मोजमाप प्लग काढून, टेक्निशियननेच करायचे आहे. तुम्ही फक्त आकडे जॉब शीटवर लिहायला सांगायचे आणि मीटरचा फोटो घ्यायचा. वाइंडिंग शाबूत असूनही आतला पंप निकामी झालेला असू शकतो, म्हणून कंप्रेसर चालू असताना थंडावा येत नसेल तर तेही लिहून घ्या.

तिसरे नेहमीचे उत्तर म्हणजे व्होल्टेज. इथे तुमच्या बाजूने एक चांगला पुरावा घरातच पडलेला असतो. अनेक इन्व्हर्टर फ्रिजच्या जाहिरातीत, खोक्यावर किंवा दारावर "स्टॅबिलायझरची गरज नाही" असे छापून पुढे व्होल्टेजची मर्यादा दिलेली असते. त्याचा फोटो आजच काढून ठेवा. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील "दोष" या शब्दाच्या व्याख्येत, म्हणजे कलम 2(10) मध्ये, कायद्याने किंवा करारानुसार राखायला हवा असलेला दर्जा तर येतोच, शिवाय विक्रेत्याने दावा केलेला दर्जाही येतो. चढउतार सोसतो म्हणून वस्तू विकली आणि चढउतारानेच ती गेली, तर तो त्यांचाच दावा खोटा ठरतो. व्होल्टेजचे कारण देणाऱ्याला त्या दिवशीचे रीडिंग लिहायला लावा. त्याच वेळी घरातले टीव्ही, पंखे, राउटर शाबूत असतील तर तेही तक्रारीत नोंदवा. इमारतीत खरोखरच वीज उसळून अनेक घरांतली उपकरणे गेली असतील, तर वीज कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक जोडा. तिथे फ्रिजच्या कंपनीवर दावा टिकणे अवघड आहे.

आता मूळ शंका: वॉरंटी संपली म्हणजे हक्क संपला का? नाही. वॉरंटी हे कंपनीने स्वतःहून दिलेले वचन आहे. त्याखाली कायद्याचा थर वेगळा आहे. माल विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 16 नुसार, त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वस्तू घेतली तर ती विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे ही अट करारात न लिहिताही असते, आणि लेखी वॉरंटी दिल्याने ती आपोआप रद्द होत नाही. मात्र इथे भाबडे राहू नका. फ्रिज अमुक वर्षे टिकलाच पाहिजे असे सांगणारे कलम आपल्याकडे नाही. वॉरंटीच्या आत बिघाड झाला तर पारडे तुमच्याकडे झुकलेले असते. वॉरंटीनंतर दोष मुळातला आहे हे दाखवण्याचे ओझे तुमच्यावर येते. म्हणूनच वर गळतीच्या जागेवर इतका भर दिला. ब्रेझिंगचा जोड चौदाव्या महिन्यात सुटला, तर तो विक्रीच्या दिवशीही कच्चाच होता, असे म्हणायला आधार राहतो. दार उघडझाक करून सैल झालेल्या गॅस्केटबद्दल (दाराच्या रबरी पट्टीबद्दल) तसे म्हणता येत नाही.

पहिला बिघाड वॉरंटीच्या आत झाला होता का, हेही तपासा. अकराव्या महिन्यात "थंड कमी होते" अशी तक्रार केली, माणूस थर्मोस्टॅट फिरवून गेला आणि चौदाव्या महिन्यात फ्रिज बंद पडला, तर हा नवा बिघाड नाही, वॉरंटीतला न सुटलेला बिघाड आहे. त्या वेळच्या तक्रार क्रमांकाचा एसएमएस शोधा. कंपनीच्या ॲपवर किंवा ग्राहक सेवा क्रमांकावर जुन्या सर्व भेटींची नोंद असते. ती ईमेलने मागवा. एकाच दोषासाठी तीन-चार भेटी झाल्या असतील तर ती यादी तज्ज्ञाच्या अहवालाइतकीच कामाला येते.

तारखाही जुळवून पाहा. बसवून घ्यावी लागणारी उपकरणे, म्हणजे एसी, वॉटर प्युरिफायर वगैरे, कित्येक आठवडे खोक्यात पडून राहतात आणि वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून मोजली जाते. 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना वॉरंटी बसवल्याच्या तारखेपासून मोजावी असे सांगितले होते. ती सूचना आहे, कायदा नव्हे. तरी पत्रात तिचा उल्लेख केल्याने काठावरच्या प्रकरणांत फरक पडतो.

कारण लेखी मिळाले की पत्र. ते दुकानदार आणि उत्पादक कंपनी दोघांनाही पाठवा. पैसे दुकानदाराने घेतले आहेत, विक्रीचा करार त्याच्याशी आहे. "कंपनीशी बोला" म्हणून तो सुटत नाही. ऑनलाइन खरेदी असेल तर तिसरे पत्र त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे त्याने 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. ईमेल कराच, पण कागदी पत्रही स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा. कायद्याने आधी नोटीस देणे बंधनकारक नाही, तरीही द्या. बरीच प्रकरणे याच टप्प्यावर हलतात असा धंद्यातला सर्वसाधारण समज आहे आणि न हललेल्या प्रकरणात पत्राला उत्तर न देणे हाच मुद्दा होतो. मजकूर लांबवू नका. साधारण असा पुरतो:

"मी दिनांक … रोजी बिल क्र. … अन्वये मॉडेल … (अनुक्रमांक …) फ्रिज रु. 28,500 ला घेतला. दिनांक … रोजी तो थंड होणे बंद झाले. आपल्या अधिकृत सेवा केंद्राने जॉब शीट क्र. … मध्ये … येथे गॅस गळती असल्याचे नमूद केले आहे. हा भाग वापरकर्त्याच्या आवाक्याबाहेर आहे. 14 महिन्यांत असा बिघाड होणे हा निर्मितीतील दोष असून ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(10) खाली येतो. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत भाग, गॅस, मजुरी व वाहतूक यांसह विनामूल्य दुरुस्ती करून दुरुस्त भागावर 1 वर्षाची लेखी हमी द्यावी. अन्यथा फ्रिज बदलून द्यावा किंवा किंमत परत करावी. तसे न झाल्यास जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन."

पहिली मागणी मोफत दुरुस्तीची ठेवली आहे, त्याला कारण आहे. चौदाव्या महिन्यात थेट पूर्ण परतावा मागितला की माणसे पत्र बाजूला ठेवतात. रास्त मागणी नाकारली गेली की तुमचीच बाजू भक्कम होते.

फ्रिजशिवाय 15 दिवस काढणे अवघड असते हे खरेच. घरात इन्सुलिन किंवा लहान मुलाचे दूध असेल तर विषयच संपला. अशा वेळी अधिकृत केंद्राकडूनच दुरुस्ती करून घ्या, पण आधी ईमेल करा: "हक्क राखून, निषेधासह ही रक्कम भरत आहे." पैसे ऑनलाइन भरा, जीएसटीचे बिल घ्या आणि काढलेला भाग मागून घ्या. वॉरंटीनंतर भागाचे पैसे तुम्ही देत आहात, तर जुना भाग तुमचा आहे. तो पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. दुरुस्तीही नीट होते का ते पाहा: गळती बंद करून नायट्रोजनने दाब तपासणे, फिल्टर ड्रायर बदलणे, व्हॅक्यूम पंप लावणे आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरणे. आर 600 ए वर चालणाऱ्या फ्रिजच्या कमी दाबाच्या बाजूला दाब वातावरणाहूनही कमी असतो. त्या बाजूला भोक असेल तर गॅस जाण्याबरोबर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, पाणी कॅपिलरीत गोठते आणि मार्ग चोंदतो. ड्रायर न बदलता नुसता गॅस भरला तर थोड्याच दिवसांत पुन्हा तीच तक्रार येते. हा गॅस ज्वालाग्राही आहे; नळीत गॅस असताना घरात गॅस टॉर्च पेटवणाऱ्याला सरळ थांबवा.

पत्राला उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. मराठीतही बोलता येते, व्हॉट्सॲप आहे आणि संकेतस्थळही. तिथे निकाल मिळत नाही, मध्यस्थी होते. हेल्पलाइनशी जोडलेल्या मोठ्या कंपन्यांपर्यंत तक्रार थेट पोहोचते आणि सेवा केंद्राच्या वरचा माणूस फाइल उघडतो. संपूर्ण हकिगत तिथे लिहू नका. बिल, जॉब शीट, पत्राची पोच आणि एका ओळीत मागणी, बस्स.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. लोक अजून "ग्राहक मंच" म्हणतात. 2020 मध्ये नवा कायदा लागू झाल्यापासून तो आयोग आहे. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालते आणि 5 लाखांपर्यंत शुल्क शून्य. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. कंपनीचे मुख्यालय गुरुग्रामला आहे म्हणून तिकडे जावे लागत नाही, आणि बिलावर "न्यायक्षेत्र अमुक शहर" छापले आहे म्हणूनही नाही. वकील लागतोच असे नाही. ई-जागृती या पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. सोबत लागते ते असे: तारखांनुसार मांडलेली तक्रार, शपथपत्र, बिल, वॉरंटी कार्ड, सर्व जॉब शीट, पत्रे व पोच, फोटो. व्हॉट्सॲप संदेश किंवा ध्वनिमुद्रण देत असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्रही लावा. सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते (काही जिल्ह्यांत जाबदेणार, काहींत विरुद्ध पक्ष), म्हणून दुकानदार, कंपनी आणि सेवा केंद्र तिघांची नावे घाला. बिल वडिलांच्या नावावर आणि फ्रिज तुमच्या घरात, तरी चालते. खरेदीदाराच्या संमतीने वापरणाराही ग्राहक आहे. फ्रिज आइस्क्रीमच्या दुकानात असेल तर मात्र "व्यापारी हेतू"चा आक्षेप येतो. स्वयंरोजगारासाठी, स्वतः चालवत असलेल्या छोट्या दुकानासाठी असेल तर कायद्यात सूट आहे, पण ते तक्रारीतच स्पष्ट लिहावे लागते.

तक्रार दाखल करण्याची मुदत 2 वर्षांची, तक्रारीचे कारण घडल्यापासून, ग्राहक संरक्षण अधिनियमाचे कलम 69. इथे फार लोक फसतात. कंपनी ईमेलवर "आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे" असे उत्तर देत राहते आणि आपण मुदत पुढे सरकते आहे असे धरून चालतो. पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. पहिला बिघाड झाला त्या तारखेपासून मोजा आणि शेवटच्या महिन्याची वाट पाहू नका. उशीर झालाच तर कारणासह विलंब माफीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो.

दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग कलम 38(2)(क) प्रमाणे प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि त्याचे शुल्क आधी तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. आख्खा फ्रिज प्रयोगशाळेत नेणे परवडत नाही. त्यापेक्षा जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनातला किंवा आयटीआयमधला रेफ्रिजरेशन शिकवणारा निदेशक तज्ज्ञ म्हणून नेमावा आणि त्याने घरी येऊन पाहावे, असा अर्ज तक्रारीसोबतच द्या. हा अर्ज न दिल्यामुळे "निर्मितीतील दोष सिद्ध झाला नाही" या एका वाक्यावर प्रकरणे फेटाळली जातात.

सामनेवाल्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये ठरवून दिले. कायद्यात निकालासाठी 3 महिने, तपासणी लागली तर 5 महिने असे लिहिले आहे. प्रत्यक्षात वर्ष, दीड वर्ष धरून चाला. या हिशेबाने मधल्या तडजोडीकडे बघा. कंपनी घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापून 70 टक्के परत देते म्हणाली आणि फ्रिज वॉरंटीबाहेरचा असेल, तर माझ्या मते घ्यावे. वॉरंटीच्या आतच तिसऱ्यांदा तोच भाग गेला असेल तर घसाऱ्याची भाषा मान्य करू नये. सही करण्याआधी "पूर्ण व अंतिम समझोता" असे लिहिले आहे का ते वाचा. पैसे खात्यात जमा झाल्यावरच सही करा.

मागणी पर्यायी ठेवा: दुरुस्ती, नाहीतर बदली, नाहीतर व्याजासह किंमत, शिवाय खराब झालेले अन्न, त्रास आणि तक्रारीचा खर्च. 28,500 च्या फ्रिजसाठी 5 लाखांची भरपाई मागू नका, बाकीच्या मागण्यांचे वजनही त्याने उतरते. "एकतर्फी अटींचा करार" हा मुद्दाही जिल्हा आयोगात मांडून उपयोग नाही. अनुचित कराराची प्रकरणे राज्य आणि राष्ट्रीय आयोगाकडेच जातात. आणि उपकरणाने पेट घेतला, घर जळाले किंवा कोणी भाजले, तर तो उत्पादन दायित्वाचा वेगळा दावा आहे, कलम 82 ते 87. तिथे जळालेली वस्तू जागेवरून हलवू नका, अग्निशमन दलाचा अहवाल घ्या. नुसत्या बंद पडलेल्या फ्रिजला ते प्रकरण लागू होत नाही, कारण वस्तूचे स्वतःचे नुकसान कायद्यातल्या "हानी"च्या व्याख्येतून वगळले आहे.

आदेश तुमच्या बाजूने आला की समोरच्याला राज्य आयोगात अपिलासाठी 45 दिवस असतात आणि अपील करताना आदेशातील निम्मी रक्कम जमा करावी लागते. त्यांनी अपीलही केले नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर कलम 71 खाली वसुलीचा आणि कलम 72 खाली शिक्षेचा अर्ज करा. 72 मध्ये 1 महिना ते 3 वर्षे कैद किंवा किमान 25,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. किंमत परत मिळताना जुना फ्रिज त्यांच्या ताब्यात द्यायला सांगितलेले असते. तो नेणाऱ्याकडून मॉडेल, अनुक्रमांक आणि तारीख लिहिलेली पोच घ्या, नाहीतर "वस्तू परतच केली नाही" म्हणून पैसे अडकतात.